गूळ फोडताना चिरलेला मधला फिन

मित्रांनो, मी एक जुना फिन आहे. तळहाताएवढा, करडा, आणि आता अर्धाच. आकाशातल्या मोठ्या पतंगाला धरून लाटांवरून पळणारी माणसं तुम्ही चित्रात पाहिली असतील. त्यांच्या पायाखालच्या सर्फबोर्डाच्या पोटाशी, माशाच्या परासारखे, आम्ही फिन बसवलेले असतो. आम्ही पाणी धरून ठेवतो, म्हणून बोर्ड घसरत नाही.

काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ यांचे थर एकावर एक चिकटवून मला घडवलं, मग घासून घासून माझी कड पातळ केली. पुण्यातल्या कर्वेनगरच्या सोनालीने मला एका जुन्या बोर्डासोबत घेतलं. ती खराडीला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की कोकणात पळते. तीन हिवाळे मी तिच्या बोर्डाच्या मधोमध राबलो. "हा मधला आहे म्हणून माझं निभतं," असं ती मैत्रिणींना सांगायची आणि मी फुगून जायचो. एरवी मात्र बाकीच्या फिनांसोबत बाल्कनीतल्या बिस्किटांच्या डब्यात पडून असायचो.

तिथेच घात झाला. सोनालीचे बाबा, समाधानराव, सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. "वस्तू विचारून घ्यावी, जागच्या जागी ठेवावी," हे त्यांचं पालुपद. एका सोमवारी घरात कोणी नसताना त्यांना गूळ फोडायचा होता आणि बत्ता काही सापडेना. त्यांनी मला ढेपेवर उभं धरलं आणि वरून हातोडी घातली. तिसऱ्या घावाला माझ्या बुडाशी 'कट्' आवाज झाला. तो आम्हा दोघांनीच ऐकला. त्यांनी मला ट्यूबलाइटखाली धरलं. केसाएवढी चीर दिसली. मग मला नीट पुसून त्यांनी डब्यात सगळ्यांच्या खाली ठेवून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी सोनालीने हॉलमध्ये चादर पसरून आम्हा सगळ्यांना मांडलं. दुसऱ्या दिवशी कोकणात तिची पहिली स्पर्धा होती, आणि तिथला किनारा खडकाळ. ओढायला पतंग असतो, म्हणून छोटे फिन पुरतात, हे तिला ठाऊक होतं. प्रश्न होता तीन की चार. बाजूंना दोन-दोन असे चार लावले, तर बोर्ड वेगात पळतो आणि वाऱ्याच्या विरुद्धही नेटाने सरकतो. तीन लावले, तर मध्ये मी असतो आणि मोठ्या लाटेवर बोर्ड हवा तिथे वळतो.

"उद्या लाटा मोठ्या आहेत. तीनच लावते," ती म्हणाली.

"चार लाव," बाबा पेपरच्या आडून म्हणाले.

"तुम्हाला कधीपासून कळायला लागलं, बाबा?"

"मोबाइलवर वाचलं. चारने वेग येतो."

"अहो, परवापर्यंत तर याला मासे कापायचं यंत्र म्हणत होतात," स्वयंपाकघरातून सोनालीची आई, कौशल्याबाई, म्हणाल्या. "आज एकदम कोच झालात?"

सोनालीने बाजूचे दोन बसवले आणि मला उचललं. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. स्क्रू आवळायच्या चावीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर चीर किंचित उघडत होती. भर लाटेत मी निखळलो, तर बोर्ड सटकणार, पोरगी पाण्यात पडणार आणि वरचा पतंग तिला खडकांकडे ओढत नेणार. मला ते दिसत होतं. बाबांनाही दिसत असावं, कारण ते तीनदा बाल्कनीत जाऊन आले.

"निदान एकदा चार लावून तरी बघ."

"बाबा, प्लीज. ठरलंय माझं."

तिने बोर्ड पिशवीत सरकवला आणि चेन ओढली.

"सोनाली, थांब." बाबांनी पिशवीवर हात ठेवला. "सोमवारी गूळ मी त्या मधल्याने फोडला. चीर गेलीय त्याला."

सोनालीने चेन उघडली, बोर्ड पालथा घातला आणि मला अंगठ्याने दाबलं. कट्! माझा अर्धा भाग तिच्या हातात आला.

तिने तो तुकडा बाबांपुढे धरला. "चार दिवस होते, बाबा. दुसरा आणला असता."

"लाज वाटली गं. जन्मभर तुम्हाला शिस्त शिकवत आलो."

"लाज कसली! पोरगी गेली असती," कौशल्याबाई म्हणाल्या.

सोनालीने चार फिन लावले आणि पहाटे निघाली. बाबा दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसले होते. जेवणाचं ताट तसंच राहिलं. संध्याकाळी तिचा फोन आला. "अकरावी आले. धड आहे."

आता मी डब्यात नाही. बाबांनी मला किल्ल्यांच्या खुंटीला टांगलं आहे आणि रेकॉर्ड रूमच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी बांधली आहे: 'गूळ फोडताना चिरला. चार दिवस लपवला.' खाली त्यांची सही आणि तारीख.

मित्रांनो, खाऱ्या पाण्यातून आल्यावर आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, आणि गूळ फोडायला बत्ताच शोधा. तरीही हातून चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. चीर मला गेली होती, पण मला तोंड नव्हतं. ते बाबांना होतं.