कठड्याचा जोड

निवृत्तीनंतर बाबांनी भाड्याने द्यायला दोन मजली घर घेतलं, तेव्हा वकीलबाईंनी ते कंपनी काढून तिच्या नावावर घ्यायला लावलं. "उद्या तिथे काही झालं, तर दावा कंपनीवर येईल. तुमचं राहतं घर सुरक्षित राहील," त्या म्हणाल्या होत्या. बाबांनी शिक्का करून घेतला, वेगळं खातं उघडलं, पावतीवर चुकूनही स्वतःचं नाव घातलं नाही. "संसारात एवढा नेटकेपणा दाखवला असता तर," आई म्हणायची.

पण पस्तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. जिन्याचा कठडा हलायला लागला, तेव्हा बाहेरचा वेल्डर बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटलं. "आपला हात जगन्नाथ," म्हणत ते स्वतःच मशीन घेऊन गेले.

चार महिन्यांनी तो कठडा निखळला. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या भाडेकरू बाई पडल्या. उजवं मनगट मोडलं.

वकीलबाईंच्या टेबलावर कठड्याचा तुटका तुकडा होता. मी तो उजेडात धरला. तुटलेल्या कडेचा जेमतेम तिसरा हिस्सा चकचकीत होता, बाकी सगळा गंजलेला. म्हणजे जोड पहिल्यापासून तेवढाच धरला होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर टेबलावरून हलवली नाही.

"दुरुस्ती कोणी केली?" वकीलबाईंनी विचारलं. "कंपनीने कारागीर लावला असेल, तर दावा कंपनीपाशी थांबेल. मालकाने स्वतःच्या हाताने केली असेल, तर ती त्याची स्वतःची चूक. तिथे कंपनी आड येत नाही. राहतं घरही पणाला लागतं."

"कोणीतरी फिरता वेल्डर होता हो," आई चटकन म्हणाली. "त्यांची नावं कोण लक्षात ठेवतंय?"

वकीलबाईंनी पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही.

बाबांनी माझ्या हातातून तुकडा घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला. "हा जोड माझा आहे. असल्या जोडापायी मी कामावरची माणसं घरी पाठवलीत."

"अहो, राहायचं कुठे मग?" आई म्हणाली.

"त्या बाईंचा हात मोडलाय," बाबा म्हणाले. "उजवा."



दावा अजून चालू आहे आणि त्यात आमचं घरही आहे. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगितलेलं बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आईने आता स्वतः ठरवलंय, त्यांना न विचारता.

नव्या कठड्यासाठी कंपनीने वेल्डर लावला. बाबा जिन्याखाली हात पाठीमागे बांधून उभे होते. काम झाल्यावर वेल्डर म्हणाला, "काका, तुम्ही यातले जाणकार. जरा बघून घ्या."

बाबा दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"मला नीट दिसत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू बघ. खालच्या बाजूनेही."

मी गुडघ्यावर बसून एकेक जोड पाहायला लागले.