न तपासलेलं झबलं

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच शिवणखात्यात कामाला होतो. लहान मुलांचे कपडे शिवायचो. सुई मोडली की मशीन बंद करायचं, सगळे तुकडे शोधून, जुळवून कागदावर चिकटवायचे आणि मगच नवी सुई मागायची, असा तिथला नियम. एकदा धाकटीच्या सुईचं टोक सापडलंच नाही. तिच्या टेबलावरचे सगळे कपडे बाद केले. कुणाला काही झालं नाही. आम्ही विसरलो, तीही विसरली असेल असं धरून चाललो.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली, छकुली. धाकटी प्रत्येक झबल्याची शिवण चिमटीतून फिरवून बघायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, निगुती बघावी तर हिची, थोरलीला ताटातला खडासुद्धा दिसत नाही. मीही हसायचे. मग ती लोहचुंबक घेऊन बसायला लागली. छकुली उघडीच रडत असायची आणि हिचं झबलं काही तपासून होत नसे. शेवटी तिनं मुलीला उचलणंच सोडलं. म्हणे, माझ्याच कपड्यात टोक अडकलेलं असलं तर?

सासूबाईंचं कौतुक आटलं, त्या नाटकं म्हणू लागल्या. दिरांनी मुदत घातली: दोन महिन्यांत फरक पडला नाही तर हिनं माहेरी जायचं, मूल वहिनींकडे, म्हणजे माझ्याकडे, राहील.

मी तिला धीर द्यायचे. ती विचारायची, ताई, बघितलंत ना? मी म्हणायचे, बघितलं गं, काही नाही. दिवसातून वीसदा.

मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्या टेबलावरचा चहा आमचं बोलणं संपेपर्यंत तसाच गार झाला. त्या सुईमुळेच हे झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एवढं सरळ नसतं. असा स्वभाव काहींच्या रक्तात थोडा असतो, त्यात बाळंतपण, जागरणं. सुई नसती तर भीतीनं दुसरं काही धरलं असतं. हा आजार आहे, हट्ट नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील आणि सोबत सराव करावा लागेल: न तपासता कपडा घालायचा आणि भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी दिलेला धीर हिला किती वेळ पुरतो, असं त्यांनी विचारलं. उत्तर धाकटीनंच दिलं.

"ताई दाराबाहेर जाईपर्यंत."

तेव्हा ठरलं की तिनं विचारलं तर मी एवढंच म्हणायचं, मला माहीत नाही.

गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली. मीही ठरल्याप्रमाणे बोलत होते. पण पहाटे उठून झबली गुपचूप तपासून ठेवायचे. धाकटी माझ्या तोंडाकडे बघायची आणि निवांत व्हायची. एक दिवस म्हणाली, "तुम्ही बघून ठेवता. तुमच्या चेहऱ्यावरून कळतं."

चोरी पकडली गेली. त्या दिवशी मी स्वतःलाही एक गोष्ट कबूल केली. मला मूल नव्हतं. छकुली माझ्या मांडीवर वाढत होती, आणि मला ते गोड लागत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छकुलीला अंघोळ घालून पलंगावर ठेवली. शेजारी झबलं, दोरीवरून तसंच काढलेलं. धाकटीनं विचारलं, "बघितलंत?"

"मला माहीत नाही."

या वेळी ते खरं होतं. मी त्या कापडाकडे बघितलं आणि मलाच शंका आली. असलं तर? शिवणीत, काखेत, गळ्याशी? हात आपोआप पुढे गेला, तो मी मागे घेतला. घटकाभर मी तिच्या जागी उभी होते, आणि ती तिथे वर्षभर उभी होती. आणि घरात त्याला नाटकं म्हणत होते.

छकुली रडू लागली. धाकटी पलंगाशी आली. तिनं झबलं उचललं, चिमूट शिवणीपर्यंत गेली, थांबली. मग तिनं ते मुलीच्या डोक्यातून घातलं आणि मुलीला छातीशी घेतलं. डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे. बऱ्याच वेळानं तिचे खांदे खाली आले.

छकुली केव्हाच रडायची थांबली होती. मी मांडीवरचा टॉवेल घडी करून बाजूला ठेवला.

त्यानंतरही तिचे वाईट दिवस आले, गोळ्याही बरीच वर्षं चालल्या. पण माहेरी जायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.