वेलीखालची विहीर

खुंटी दिसेना, तेव्हा मुकादमाने पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली.

रबराच्या मळ्यात, खालच्या अंगाला, एक जुनी विहीर होती. कठडा नाही, पायरी नाही, जमिनीलाच भोक पाडल्यासारखी. तिच्यावर फळ्या टाकायचं काम वीस दिवसांपूर्वी त्याच्याकडे आलं होतं. "उद्या टाकू" म्हणत त्याने नुसती कमरेएवढी खुंटी ठोकली, तिला लाल चिंधी बांधली आणि वर कळवून टाकलं, विहीर झाकली. मग पावसाने काम बंद राहिलं. आज येऊन बघतो तर समोर हिरवागार पसारा. खुंटी नाही, चिंधी नाही, विहीर नाही.

मोठी मायावी वेल हो ही! शेतकी कचेरीतल्या बाई तिला मिकानिया म्हणायच्या, सूर्यफुलाच्या घराण्यातली. नाव भारदस्त, घराणं भारदस्त, करणी मात्र विचारू नका. बदामी आकाराची पानं, भुरभुरीत पांढरी फुलं. बघणाऱ्याला वाटावं, किती ही गरीब गाय! आणि ही गाय आठवड्यात झाड गिळायची. तोडून टाकली तर तिच्या पेरापेराला मुळं फुटत. म्हणून बायका तिला कडेने सोडवत आणि चटईसारखी गुंडाळत आणत.

त्या बायका आता बांधावर विळे घासत बसल्या होत्या.

"मुकादम, तोंड का असं उतरलंय?" त्यांच्यातली बडबडी म्हणाली. "सासुरवाडीहून कोणी मुक्कामाला आलं की काय?"

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मुकादमाने मोजलं. सातच.

"ताई कुठाय?"

"ती पलीकडून, खालच्या कडेने शिरलीसुद्धा. म्हणाली, तुमच्या गप्पा संपेस्तोवर मी एक पट्टा सोडवते."

ताई म्हणजे मुकादमाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा; ताईनेच त्याला कडेवर वाढवला. पुढे तापात तिचे दोन्ही कान गेले. लोकांचे ओठ बघून ती बोलणं समजायची, आणि आत्ता तिची मान खाली, वेलीत होती. दगडावर चढून त्याने पाहिलं. चाळीसेक पावलांवर तिच्या डोक्यावरचा पिवळा रुमाल हलत होता. वाकायची, सोडवायची, एक पाऊल पुढे. पुन्हा वाकायची.

"ताई!" तो ओरडला. काय उपयोग?

"अहो, काय झालं?"

"विहीर... तिथेच आहे कुठेतरी."

"फळ्या टाकल्यात ना तुम्ही?"

"नाही."

तो धावत सुटणार, तोच बडबडीने त्याचं मनगट धरलं. "तुम्ही पडाल आधी. वेल ओढू या."

ताईला हाक ऐकू येत नाही, म्हणून बायकांनी आपसात ठरवून ठेवलं होतं: वेलीला तीन हिसके बसले की तिने होती तिथे मटकन बसायचं. साती जणींनी वेलीची कड मुठीत धरली. एक. दोन. तीन. हिरव्या पसाऱ्यातून शहारा सरकत गेला, ताईपर्यंत पोचला, आणि पिवळा रुमाल एकदम दिसेनासा झाला.

बसली? की गेली?

"देवा, तिला ठेव," मुकादम पुटपुटला. "माझं काय करायचं ते कर, तिला ठेव." हातात बांबू घेऊन तो पोटावर सरपटत निघाला. टोक टेकवायचं, दाबायचं, मग अंग पुढे ओढायचं. टणक. टणक. पानांचा ओला, कडवट वास नाकात भरला. पस्तीसेक पावलांच्या अंतरावर बांबू टेकवला, पण तो टेकलाच नाही, खांद्यापर्यंत हात आत गेला. खाली कुठेतरी दोन खडे डुबुक वाजले.

श्वास धरून त्याने वेल बाजूला केली. काळं तोंड उघडलं. आणि त्याच्या पलीकडच्या काठावर ताई बसलेली! एक पाय वेलीतून आरपार विहिरीत लोंबत होता, दोन्ही मुठींत वेल. चेहरा पांढराफटक.

वळसा घालून तो तिच्यापाशी पोचला, काखेत हात घालून तिला मागे ओढली. बराच वेळ दोघं नुसती धापा टाकत राहिली.

मग त्याने तोंड उघडलं. ताईने त्याच्या ओठांकडे पाहिलं. "काय म्हणतोस? नुसते थरथरतायत. नीट सांग."

"फळ्या... मी..."

"पुन्हा."

तिसऱ्यांदा कुठे शब्द धड निघाले, आणि इतक्या मोठ्याने की बांधावरच्या साती जणींनी ऐकले. "फळ्या मी टाकल्याच नाहीत, ताई. झाकली म्हणून खोटं कळवलं."

ताईने त्याच्या केसांत अडकलेलं पान काढलं, लहानपणी काढायची तसं, आणि ते विहिरीत टाकलं.

"फळ्या आण," ती म्हणाली. "मी बसते इथे काठाला. नाहीतर परत सापडायची नाही ही."

"तू बांधावर चल आधी."

"त्या खुंटीवर मी विसंबले नव्हते, तुझ्यावर विसंबले होते. आताही विसंबते. जा."

तो आपल्याच तुडवलेल्या वाटेने धावत सुटला. दर दहा पावलांना वळून बघायचा, ताई आहे ना, आणि पुन्हा धावायचा.