खरवडलेले सूर

बहीण परीक्षेत वाजवणार होती त्या रचनेचा, सोनाट्याचा, कागद मी खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या हाताच्या ओळीत नऊ ठिकाणी कागद पातळ झाला होता. कुणीतरी चाकूने शाई खरवडली होती.

"कुणी केलं हे?" मी बहिणीला, कासिल्डाला विचारलं.

"इलारिओ मास्तरांनी. म्हणाले, कागदाची नक्कल उतरवणाऱ्याच्या चुका आहेत."

चुका नव्हत्या. हार्पसिकॉर्ड हे पट्ट्या दाबून वाजवायचं तारवाद्य; पट्टी हळू दाबा की जोरात, आतलं कावळ्याचं पीस तार सारख्याच आवाजात छेडतं. जोर हवा असेल तर सूरच जास्त वाजवावे लागतात. या सोनाट्यात डावा हात पाच-पाच सूर एकदम चिरडतो, गिटारवर पंजा मारावा तसे. त्यातले काही अगदी शेजारचे, एकमेकांशी भांडणारे. मास्तरांनी नेमके भांडणारे काढले होते. उरलं होतं भाजी उकडलेलं पाणी.

सेगोविया शहरातल्या जोगिणींच्या मठात चांगल्या वादक मुलीला हुंड्याशिवाय घेत. आमच्याकडे हुंडा नव्हता, कासिल्डाला लग्न नको होतं, आणि जन्मभर वाजवायला मिळेल अशी जागा ती एकच. परीक्षक मठाचे संगीत-मास्तर इलारिओच.

"दादा, तू बोल ना त्यांच्याशी. सालामांकाच्या विद्यापीठात गणित शिकलास, सुरांचा हिशोब सांग त्यांना."

"मठातली वाद्यं सुरात लावायचं काम मला त्यांनीच दिलंय."

"म्हणजे शेपूट घालणार!"

मी कागद परत तिच्या हातात दिला.

परीक्षेला मठातल्या बायका जाळीमागे बसल्या. दिसत कुणीच नव्हतं, नुसतं खोकणं ऐकू येत होतं. सोनाट्याचा प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. पहिल्या खेपेला कासिल्डाने कागदावर होतं तेवढंच वाजवलं. मास्तर डोळे मिटून मान डोलावत होते. दुसऱ्या खेपेला तिने खरवडलेले सगळे सूर परत घातले. वाद्याची फळी थरथरली.

"अगं ए! दारूच्या गुत्त्यात बसलीयेस का?" मास्तर ओरडले.

ती थांबली नाही. पुढचा भाग दोन्ही वेळा तसाच वाजवला.

जाळीमागून मठाच्या माताजींचा आवाज आला. "आधी झोप येत होती. मग अंगावर काटा आला. कुणी शिकवलं गं तुला हे?"

कासिल्डाने तोंड उघडलं, तोवर मास्तर उभे राहिले होते. "मीच, माताजी. आधी सपक, मग झणझणीत. मुद्दाम तसं बसवून घेतलं. मघाशी ओरडलो तेही तिला चेव यावा म्हणून."

कासिल्डाने माझ्याकडे पाहिलं. खरवडलेला कागद तिथेच, समोर होता. तो उचलून जाळीपाशी न्यायला मला चार पावलं लागली असती.

"घेतलं हिला," माताजी म्हणाल्या. "मुली, आता हेच तुझे गुरू. त्यांच्या हाताचं चुंबन घे."

मास्तरांनी मऊ, घामट हात पुढे केला. ती वाकली, ओठ टेकवले, उठून मनगटाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

"गुणी आहे हो बहीण तुमची," मास्तर म्हणाले. "सोमवारी वाद्य लावायला या."

हात अजून पुढेच होता. मीही वाकलो.