पाव सूत जास्त

मित्रांनो, मी एक जुना गेमचा खोका आहे. हे वाक्य मी उच्चारलं की कोपऱ्यातला टेबलफॅन किरकिरतो, कारण मला उभं करून जेमतेम दोन पावसाळे झालेत आणि तो माझ्या आधीपासून या खोलीत आहे. पण तो पडला पत्र्याचा. त्याला लाकडाचं वय काय कळणार? माझी फळी न् फळी त्याच्या आजोबाला मांडीवर खेळवेल इतकी म्हातारी आहे. म्हाताऱ्याला थोडं वाढवून सांगायची मुभा असते, आणि माझ्या बाबतीत तर वाढीव असणं हा जन्माचाच गुण आहे. तो कसा, ते पुढं कळेल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाची एखादी वस्तू ओतायची असली की आधी तिचा लाकडी नमुना करतात. त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं उरलेल्या पोकळीत तापलेलं लोखंड ओतायचं. माझं सगळं सागवान आधी अशा पॅटर्नांत होतं. माझी डावी कूस एका पंपाच्या पॅटर्नची. त्या पंपानं एकदा कळंब्याच्या तलावातलं पाणी असं ओढलं, की मासे काठाकाठानं चालत घरी गेले. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा. उजवी कूस एका इंजिनाच्या चाकाची. ते चाक फिरायला लागलं की त्याच्या वाऱ्यानं जोतिबाचा गुलाल उडून थेट गडमुडशिंगीत पडायचा, आणि अख्खं गाव डोंगर न चढताच यात्रा करून आल्यासारखं गुलाबी दिसायचं.

पण नाव झालं ते पंपाचं आणि चाकाचं. पॅटर्न माळ्यावर गेला. आपला आकार दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि आपण धूळ खात पडायचं, हे आमचं आयुष्य. आम्हाला सारखी त्या वाळूतल्या पोकळीची आठवण यायची. तिथं आपल्या अंगाला लागून कुणीतरी होतं, एवढंच आठवायचं.

मला ज्यानं केलं तो धनपाल. हाडाचा पॅटर्नमेकर. सगळी गल्ली त्याला आण्णा म्हणते. खरं तर आण्णा म्हणणारा एकच होता, त्याचा धाकटा भाऊ अभिनंदन. पण तो जिन्याखालून अशी हाक मारायचा, की ऐकून ऐकून गल्लीलाही तेच नाव पाठ झालं.

हे दोघं शाळेत होते तेव्हा स्टँडमागच्या बोळात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. अंधारी खोली, घामाचा वास आणि ओळीनं उभे असलेले माझे पूर्वज. खेळायचे होते दोघं आणि खिशात नाणं एकच. मग त्यांनी तोड काढली. दांडी धनपालनं धरायची, बटणं अभिनंदननं दाबायची. पडद्यावरच्या गड्याला पळवायचं थोरल्यानं, त्याला उड्या मारायला लावायच्या धाकट्यानं. दोघं मिळून एक माणूस. तो माणूस खड्डे ओलांडत आगीच्या पुलापर्यंत जायचा आणि तिथं पडायचा. मग दोघं एकमेकांच्या नावानं ओरडत घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे.

मोठेपणीही त्यांचं तसंच चाललं. उद्यमनगरातल्या वडिलांच्या शेडमध्ये एक आखायचा, दुसरा कापायचा. घरातही वरचा मजला आण्णाचा, खालचा अभिनंदनचा आणि जिना दोघांचा. मग अभिनंदननं एक मशीन आणलं. संगणकावर चित्र काढून दिलं की ते आपलं आपण लाकूड कोरायचं.

"त्याला लाकडाचा वास कळत न्हाय," आण्णा म्हणाला.

"गिऱ्हाईकाला वास नको हाय आण्णा. माल पायजे."

"मग मीबी नको असणार."

"तसं म्हणलो का मी?"

तसं तो म्हणाला नव्हता. पण आण्णानं पटाशी, रंधा आणि वडिलांची पट्टी पिशवीत भरली आणि घर गाठलं. त्या दिवसापासून अबोला. एकाच जिन्यावर समोरासमोर आले तर दोघं भिंतीचा रंग तपासायचे. त्या भिंतीइतकी निरखलेली भिंत अख्ख्या कोल्हापुरात नसेल.

मित्रांनो, त्याच रिकामपणात माझा जन्म झाला. आण्णानं माळ्यावरून आम्हाला खाली काढलं आणि वरच्या खोलीत कापाकापी सुरू केली. त्याची बायको रोहिणी दारात येऊन उभी राहिली.

"काय करालायसा ओ?"

"कपाट."

"कपाटाला बटणं?"

"नवीन पद्धत हाय."

जुन्या बाजारातून एक पोट सुटलेला टीव्ही आला. तो माझं तोंड झाला. तळहाताएवढी संगणकाची पाटी आली. तिच्यात तो आगीच्या पुलाचा गेम भरलेला होता. ती माझं डोकं झाली. दांडीचा गोळा आण्णानं शिसवीतून स्वतः कातला. इतका गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडायची. पडलेल्या माश्या मी मोजल्या आहेत, पण आकडा सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आणि दांडी त्यानं बसवली पार डाव्या कडेला, बटणं पार उजव्या. एकट्या माणसानं खेळायचं म्हटलं तर मला मिठी मारल्यासारखे हात पसरावे लागतील, इतकं अंतर.

रोहिणीनं ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हे एकट्याचं न्हाय."

आण्णा खिळा ठोकत राहिला. तिथं खिळ्याची गरज नव्हती.

मी पुरा झालो त्या दिवशी आण्णानं मला चालू केलं. दांडी त्याच्या हातात अशी बोलायची की काय सांगू! पण उजवा हात बटणांवर गेला की सगळं संपायचं. बटणं त्यानं उभ्या जन्मात कधी दाबलीच नव्हती. गडी पळत यायचा आणि उडी न मारता पहिल्याच खड्ड्यात जायचा. आण्णा पुन्हा सुरू करायचा. पुन्हा खड्डा. आपल्या वाटणीचं सगळं येत असूनही एखादी गोष्ट येत नसते, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलंय. खालून अभिनंदनचा खोकला ऐकू आला की तो माझा आवाज वाढवायचा. बोळातली जुनी धून जिन्यावरून खाली जायची. खालचा खोकला थांबायचा. वर मात्र कुणी यायचं नाही.

असं बरेच महिने चाललं. मग आण्णानं मला चालू करणं सोडलं. माझ्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग इस्त्रीचे कपडे, मग लोणच्याची बरणी. मी पुन्हा माळ्यावर गेल्यासारखाच होतो, फक्त माळा खाली आला होता.

एका दुपारी आण्णा म्हणाला, "गडमुडशिंगीच्या तुझ्या भावाला देऊन टाकू. त्याच्या चहाच्या गाड्यावर पोरं तरी खेळतील."

रोहिणीनं त्याच्याकडं फक्त बघितलं. दुसऱ्या दिवशी तिचा तो भाऊ, आकाराम, टेंपो घेऊन हजर.

दाराचं फळकूट आधीच उतरवून ठेवलं होतं. आण्णा आतून ढकलत होता, आकाराम जिन्याच्या बाजूनं ओढत होता. माझं तोंड जिन्याकडं होतं. मी चौकटीत शिरलो आणि मधोमध गच्च बसलो. पुढं नाही, मागं नाही. आण्णा आत कोंडला गेला.

आकारामनं कपाळ पुसलं. "पावणं, हे आत गेलं कसं?"

"आत गेलं न्हाय," आण्णाचा आवाज माझ्या पाठीमागून आला. "आतच जन्मलंय."

"मग बाळंतीण अडली की ओ! करवत द्या. मधनं दोन काप मारतो. तिकडं गेल्यावर खिळं ठोकून परत एक करू."

माझ्या पाठीला आण्णाचा हात लागलेला होता. तो तसाच राहिला.

"मार," आण्णा शेवटी म्हणाला. "तसाबी काय उपयोग त्याचा."

मित्रांनो, मी पंपाच्या आणि चाकाच्या कितीही थापा मारत असलो तरी त्या क्षणी मला एकही सुचली नाही.

"थांबा," रोहिणी म्हणाली. ती जिन्याखाली बघत होती. अभिनंदन जेवायला घरी आला होता आणि शेवटच्या पायरीवर उभा होता.

"काय गोंधळ वहिनी?"

"तुमच्या आण्णांनी सोताला कोंडून घेतलंय भाऊजी."

"त्यात नवीन काय?"

आतून आवाज आला, "रोहिणी, त्याला म्हणावं, जेवायला जा."

"वहिनी, त्यांना सांगा, जिना माझाबी हाय."

तो वर आला. त्यानं माझ्या कुशीवर हात ठेवला. अंगठा सांध्यावरून फिरवला. सांधा कुठं आहे हे त्याला दिसलं नाही, हातानं शोधावं लागलं. त्याच्या भुवया वर गेल्या.

"वहिनी, विचारा, दार मापलतं का?"

"मापलतं म्हणावं. टेपनं. दोन सूत कमी धरून कापलंय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांची भाषा आहे.

"आणि कापताना? पट्टी कुठली घेतलती?"

आत शांतता.

"वहिनी, विचारा की."

आणि मग अभिनंदन हसायला लागला. पायरीवर बसून, पोट धरून. "श्रिंकेजची! वहिनी, श्रिंकेजची पट्टी घेतली ह्यांनी!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. लोखंड तापलेलं असतं तेव्हा फुगलेलं असतं, थंड झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात. दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एका सुतानं लांब. जन्मभर हातात तीच पट्टी, म्हणून आण्णानं मलाही तिनंच मापलं. दार सव्वादोन फुटांचं, म्हणून मी सव्वादोन सूत फुगलो. त्यानं मोकळी सोडली होती दोन. पाव सुतासाठी मी अडकलो होतो.

हसता हसता अभिनंदनची नजर माझ्या तोंडावर गेली. डावीकडची दांडी. उजवीकडची बटणं. मधलं ते भलं मोठं अंतर. त्याचं हसू हळूहळू विझलं. तो उठून माझ्यासमोर उभा राहिला, न सांगता उजव्या बाजूला.

"चालतंय का हे?"

"अवो, प्लग लावा!" रोहिणी माझ्या डोक्यावरच्या फटीतून ओरडली.

आत प्लग लागला. माझा पडदा उजळला, धून वाजली. अभिनंदनचा उजवा हात बटणांवर असा बसला, जणू कालच उचलला होता. डाव्या हातानं मात्र दांडी अशी धरली, जणू म्हशीची शेपटी धरलीय. गडी धडपडत गेला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा खड्डा. तिसऱ्या वेळी माझ्या पाठीमागून, लाकडाला तोंड लावून, कुणीतरी किंचाळलं.

"अभ्या, मागं घे! मागं घे की लेका, खड्डा हाय!"

आकारामचा हात विडीच्या पुड्यावर तसाच थांबला. रोहिणीनं पदर तोंडाला लावला.

"तुला दिसालंय कुठं आण्णा?" अभिनंदननं विचारलं. वहिनीला नाही.

"वाजालंय की. खड्ड्याच्या आधी वाजतंय. थांब... पुढं... आता मार उडी!"

मित्रांनो, आत कोंडलेला एक माणूस नुसत्या आवाजावर वाट सांगत होता, आणि बाहेरचा त्याचं ऐकत होता. दोघांच्या मध्ये मी. वाळूतल्या त्या पोकळीनंतर पहिल्यांदा माझ्या दोन्ही अंगांना लागून कुणीतरी होतं. खड्डे गेले, शिड्या गेल्या, आगीचा पूल आला. आणि गडी बरोबर तिथंच पडला, जिथं लहानपणी पडायचा.

"तुझ्यामुळं!" आतून.

"तुझ्यामुळं!" बाहेरून.

अभिनंदन खाली जाऊन रंधा घेऊन आला. आकारामनं मला धरलं.

"त्याला न्हाय," अभिनंदन म्हणाला. "चौकटीला मारू."

एक बाहेरून तासत होता, दुसरा आतून. मधूनच अभिनंदन म्हणाला, "माझ्या मशीननं आधी इचारलं असतं आण्णा. ओतायचंय का खेळायचंय?"

"मशीनला इचारता येतंय व्हय?"

"येतंय की. आपल्या दोघांस्नीच येत नव्हतं."

आतला रंधा थोडा वेळ थांबला, मग पुन्हा चालू झाला. पाव सूत काढायचं होतं. त्या दोन नावाजलेल्या पॅटर्नमेकरांनी बोलण्याच्या नादात चांगलं बोटभर काढलं. मला पुन्हा आत ढकललं. आकाराम चहा पिऊन रिकामा टेंपो घेऊन गेला.

त्यानंतर सगळं गोड झालं, असं मी सांगू शकलो असतो. थापा मला कमी येत नाहीत. पण आण्णा शेडवर परत गेला नाही. मशीन अभिनंदनला लवकर सोडत नाही. तो कधी येतो, कधी बरेच दिवस येत नाही. तो नसला की आण्णा मला चालू करत नाही. नुसती ती उजवीकडची बटणं पुसतो आणि माझ्यावरची लोणच्याची बरणी उचलून खाली ठेवतो.

मित्रांनो, लोक म्हणतात चूक पट्टीची होती. तुम्हाला म्हणून सांगतो, मी ऐनवेळी पोट फुगवलं होतं. पण पट्टीचं सांगणंही लक्षात ठेवा. गरम असतं ते सगळं कधीतरी थंड होतं आणि आकसतं, माणसांमधलं सुद्धा. म्हणून कुणासाठी काही करायला घेतलंत तर सूतभर मोठं करा.

आणि कधी इकडं आलात तर माझ्यावरची धूळ पुसा, बटणं दाबा, आण्णाला एक डाव खेळवा. फक्त या खोलीच्या दाराच्या वाटेला जाऊ नका. चौकट तासल्यापासून त्याची कडी पोचत नाही, ते नीट लागत नाही. एवढा कसबी आण्णा, चहा निवायच्या आत ते दुरुस्त करेल. करत नाही. दार आपलं आपण हलतं. हललं की आण्णा मान वळवून बघतो, मीही बघतो. बहुतेक वेळा वाराच असतो. तरीपण ती कडी तशीच राहू द्या.