सुईआधीची गोष्ट

दातांच्या डॉक्टरांना एक सोय असते, ती वकिलांनाही नसते. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, पण त्याला बोलता येत नाही. या डॉक्टरांनी त्या सोयीचा पुरेपूर फायदा उठवला होता. सुई टोचण्याआधी पेशंटचं लक्ष कुठंतरी गुंतवावं लागतं. कुणी रेडिओ लावतो, कुणी पोराबाळांची चौकशी करतो. डॉक्टर बायकोच्या बागेचा विषय काढायचे.

खरं तर बाग दोघांची. घरामागं बऱ्यापैकी जागा, मधून विटांची पायवाट. पायवाटेच्या उजवीकडे डॉक्टरांचं राज्य. कुंड्या कडेला कड लावून उभ्या, गुलाब एका उंचीचे, आणि एखादं रोप गेलं की संध्याकाळच्या आत तिथं दुसरं. फट दिसली की डॉक्टरांना चैन पडत नसे, धंद्याची सवय. डावीकडे त्यांच्या बायकोचा कारभार. त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून गल्लीभर त्यांना 'बाई'च म्हणत. बाईंच्या बाजूला जे उगवेल ते आपलं. भोपळ्याचा वेल कपडे वाळत घालायच्या तारेवर चढलेला, खरकट्या पाण्याबरोबर गेलेल्या बियांतून टोमॅटो आलेले, आणि पुदिना तर विटांच्या खालून सरळ डॉक्टरांच्या हद्दीत.

"तुमची झाडं हजेरी द्यायला उभी असल्यासारखी दिसतात," बाई म्हणायच्या.

"आणि तुझी? शाळा सुटल्यासारखी."

"सुटू दे की. दिवसभर पोरांना रांगेत उभं करते, घरी तरी कुणाला करणार नाही."

हे भांडण घरातलं होतं, मुरलेलं होतं, आणि त्यात दोघांनाही गोडी होती. दवाखान्यात मात्र ते एकट्या डॉक्टरांच्या मालकीचं झालं. बायकोच्या जंगलात मीटर बघायला माणूस शिरला, तो अजून बाहेर आलेला नाही. भोपळ्यानं शेजाऱ्यांची सायकल गिळली. दर वेळी गोष्टीला एक पान जास्त फुटायचं. पेशंट हसायला तोंड आणखी उघडायचा, की सुई आत.

एवढ्यावर थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

एका सकाळी न्हाणीघराच्या खिडकीतून डॉक्टरांना बाई दिसल्या. हातात कात्री, समोर जाईची वाळत चाललेली फांदी. बाईंनी दोन बोटांनी फांदीला हात लावला, हळूच म्हणाल्या, "थोडं दुखेल हं," क्षणभर थांबल्या आणि मग कापलं. पुढच्या फांदीला पुन्हा तेच. आपल्याला कुणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. वर्गात ज्यांच्या नुसत्या चष्म्याला पोरं घाबरत, त्या बाई झाडाची समजूत काढत होत्या. डॉक्टर तोंडाला फेस तसाच ठेवून बघत राहिले. त्या दिवशी, आणि पुढेही बरेच दिवस, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाईंनाही नाही. एखादी चांगली वस्तू कपाटात मागं ठेवावी, तसं ते जपलं.

मग छापखानेवाले आले. आडदांड गडी, पण सुई पाहिली की खुर्चीचे हात उपटायच्या बेतात. मीटरवाला सांगून झाला, सायकल सांगून झाली, माणूस हसेना. जबडा घट्ट. तेव्हा डॉक्टरांनी कपाटातली वस्तू बाहेर काढली. वर आवाज बारीक केला, मान वाकडी केली आणि शेवटी पदरचं एक 'राणी' जोडलं: "थोडं दुखेल हं, राणी!" छापखानेवाले असे हसले की दाढ जवळजवळ आपणहून निघाली. तेव्हापासून तो माल रोज दुकानात मांडला गेला.

एका रविवारी बेल वाजली. दारात छापखानेवाले, त्यांची बायको आणि मेहुणी. हातात बिस्किटांचा डबा.

"दाढ काढलीत, म्हटलं आभार मानून यावं," छापखानेवाले म्हणाले. "आणि यांना जंगल बघायचंय!"

बाई मातीच्या हातांनीच पुढं आल्या. "कुठलं जंगल?"

"आधी माझे गुलाब बघा," डॉक्टर घाईनं म्हणाले आणि पाहुण्यांना उजवीकडे वळवू लागले.

"गुलाब काय हो, कुठंही दिसतात. वहिनी, तुम्ही तर आमच्याकडे प्रसिद्ध आहात! तो मीटरवाला सापडला का?"

बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग हसल्या. "सापडला ना. भोपळ्याखाली. टोपी तेवढी उरली होती."

सगळे खदखदले. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. बाई असल्या थट्टेत कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. ते चहाचं विचारणार, तेवढ्यात छापखानेवाल्यांची बायको लाडानं म्हणाली, "वहिनी, ते करून दाखवा ना! फांदी कापताना झाडाशी बोलता ते. आमच्या घरी रोज चालतं. हे तर नखं कापतानासुद्धा म्हणतात."

आणि छापखानेवाल्यांनी मान वाकडी करून, बारीक आवाजात, अगदी डॉक्टरांसारखं करून दाखवलं. राणीसकट.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी जाईकडे पाहिलं, मग मान वर करून न्हाणीघराच्या खिडकीकडे. गणिताची बाई, कुठून काय दिसलं असेल, हे मांडायला वेळ लागला नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मग त्यांनी कात्री उचलली, जाईची एक हिरवी, धडधाकट फांदी धरली, आणि बारीक आवाज काढून म्हणाल्या, "थोडं दुखेल हं, राणी!"

कच्च.

मेहुणीनं टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. त्या हसण्यात डॉक्टरांचाही आवाज होता. सवयीनं निघून गेला. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला, आणि कुठं तोंड लपवावं ते कळेना.

पाहुणे गेल्यावर बाई कप विसळत होत्या. डॉक्टर दाराशी उभे.

"अगं, पेशंट घाबरतात. म्हणून काहीतरी सांगावं लागतं."

"हं."

"चेष्टा म्हणून नव्हतं."

"राणी मी कधी म्हणते?"

"नाही म्हणत."

"मग ते कशाला घातलंत?"

"त्याशिवाय हसत नाहीत," डॉक्टर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना ऐकल्यावर कळलं.

बाईंनी नळ बंद केला. "मला आधी सांगायचं होतंत. पेशंटसाठी म्हणून मी वेगळं काहीतरी केलं असतं. ते तुम्ही खुशाल नेलं असतंत."

भांडण झालं असतं तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. भांडणाची दोघांना सवय होती. भांडण झालं नाही. जेवण वेळेवर, बोलणं वेळेवर. बागेत मात्र बाई आता कात्री घेऊन येत, भराभर कापत आणि आत जात. कागद कापल्यासारखं. एका सकाळी डॉक्टर न्हाणीघरात दात घासता घासता खिडकीशी गेले आणि चोरासारखे मागं सरले. बाईंनी खिडकीला पडदा लावला असता तरी चाललं असतं. पण खिडकी उघडीच होती, आणि तिच्यातून दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे निस्तरायचं, असं त्यांनी ठरवलं. छापखानेवाले काढलेल्या दाढेच्या शेजारची दाढ दाखवायला आले, तेव्हा बाहेरच्या बाकांवर माणसं होती, दार उघडं होतं. बरंच झालं, सगळ्यांनी ऐकू दे.

"काय डॉक्टर, राणी काय म्हणते?"

"ते मी रचलं होतं," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले. "ती झाडांशी काही बोलत नाही. कधीच बोलली नाही. तुम्हाला हसवायला मी खोटं सांगितलं."

छापखानेवाले त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. "काय राव! आम्ही डोळ्यांनी पाहिलं की! वहिनींनी स्वतः करून दाखवलं!" ते बाहेर वळून म्हणाले, "ऐकलंत का, आता म्हणतात खोटं होतं!" बाकांवर हशा पिकला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं, बारीक आवाजासकट.

डॉक्टरांनी गोष्ट न सांगताच सुई टोचली. छापखानेवाले पहिल्यांदाच ओरडले.

"आज हात जड पडला तुमचा."

"हो," डॉक्टर म्हणाले. "बाहेर बसा. बधिर झालं की बोलावतो."

पुढच्या आजी आत आल्या, पदर सावरून खुर्चीत बसल्या. तोंड मात्र उघडेनात.

"आ करा, आजी."

"आधी गोष्ट सांगा."

"आज गोष्ट नाही."

"बाहेर तर सगळी हसतायत," आजी रुसून म्हणाल्या. "माझ्याच वेळी बरी नाही?"

डॉक्टर हात धुवायला वळले. हात त्यांनी आताच धुतले होते.