तिरपी खाच

गुरुवार, २८ नोव्हेंबर १९१८. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. मेपलच्या दोन हात लांब काठीवर एकशे त्रेसष्ट खाचा पडल्या होत्या, एकूण एक आडव्या आणि सरळ. आणि चाकू आता इरिमिए कोर्केशच्या हातात होता.

कोर्बेश्त गावात घरे एकशे चौसष्ट, घरटी एक खाच. काठी इरिमिएनेच तासली होती, चाकूही त्याचाच. लाकडी पिंपे आणि बादल्या बनवणाऱ्यांच्या त्या डोंगरी गावात त्याच्याइतका सरळ हात दुसरा नव्हता. म्हणून काठी धरून बसण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि म्हणूनच त्याच्या स्वतःच्या घराची पाळी सर्वांत शेवटी. त्याने काठी गुडघ्यावर घेतली, अंगठ्याने उरलेली जागा चाचपली, पाते तिरके धरले आणि दोन वारांत खाच पाडली.

चर्चच्या अंगणातल्या सगळ्या माना काठीकडे वळल्या. आडवी खाच म्हणजे हो, तिरपी म्हणजे नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

"हात घसरला काय रे?" पाराशिवाने विचारले. ती वरच्या वाडीतली विधवा. तिची खाच एकशे बारावी होती.

"चाळीस वर्षांत घसरला नाही, तो आज बरा घसरेल."

पाद्रीबाबा दोन पावले पुढे आले. "इरिमिए, प्रश्न नीट ऐकलास ना? पुन्हा सांगू?"

"ऐकला, बाबा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचं राज्य मोडलं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या आपण रोमानियन लोकांनी आता हंगेरीखाली राहायचं नाही, पलीकडच्या रोमानियाशी एक व्हायचं. रविवारी बालग्रादला सगळ्या गावांनी तसं सांगायचं. हाच ना प्रश्न? मला विचारलंत, मी सांगितलं."

"पण 'नाही' का?"

इरिमिएने पात्याला चिकटलेला भुसा बाहीला पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"माझा तोआदेर जूनमध्ये इटलीच्या आघाडीवर गेला. पियावे नदीपर्यंतचा पत्ता आहे, पुढचा नाही. जिवंत की मेला, कोणी सांगत नाही. त्याचं नाव असलंच कुठे, तर ते बादशहाच्या दफ्तरात. ते दफ्तरच उद्या तुम्ही बंद केलंत, तर मी कोणाच्या दारात जाऊन उभा राहू?"

मग मागून एकजण म्हणाला, "एका खाचेसाठी गावाची शोभा कशाला? रंध्याचा एक हात फिरवा की झालं."

"फिरव, फिरव!" पाराशिवा गर्रकन वळली. "तुझ्या आज्याने कागदावर फुली मारली होती, तेव्हा साहेबाने असाच हात फिरवला. फुली मारली चराईसाठी, आणि कागदात निघालं जंगल लिहून दिलेलं. विसरलास?"

त्या फुल्यांना साठ वर्षे झाली होती. जंगल गेले ते गेलेच. तेव्हापासून कोर्बेश्तने कागदावर फुली मारली नव्हती. गावात जे ठरे ते राबोझवर, म्हणजे अशा खाचा पाडलेल्या काठीवर ठरे. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. प्रत्येक खाच दोन्ही फाकांवर अर्धी अर्धी येते. एक फाक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. पुढे कोणी एकीवर हात चालवला, तर जोडताना चोरी उघडी पडते. आता तर गावचा नोटरी शिक्क्यासकट पळून गेलेला आणि गुरुजी स्पॅनिश तापाने अंथरुणाला खिळलेले. कागद करायचा म्हटला तरी करणार कोण?

इरिमिएने काठीच्या टोकाला पाते टेकवले आणि वरून मोगरीचा हलका ठोका दिला. काठी एका रेषेत उकलली. एक फाक पाद्रीबाबांनी वेदीच्या बाजूला नेऊन ठेवली.

"दुसरी बालग्रादला कोण नेणार?" त्यांनी बाहेर येऊन विचारले. चार-पाच हात वर झाले.

"यांच्यातल्या कोणाकडेही देऊ नका," पाराशिवा म्हणाली. "सरळ खाचवाला वाटेत ती तिरपी सरळ करून टाकील, गावाच्या प्रेमापोटी. ज्याने तिरपी मारली त्याच्याकडेच द्या. त्याच्याकडे घोडा आहे, गाडी आहे, रस्ता पाठ आहे. आणि त्याच्यावर नजर ठेवायला मी जाते."

"तू? तीन दिवस तुझी टकळी ऐकण्यापेक्षा मी आडवी खाच मारली असती," इरिमिए म्हणाला.

लोक हसले, तो मात्र हसला नाही.

*

नाताळच्या उपासाचा तो पहिलाच दिवस होता. शिदोरीत मक्याचा घट्ट घाटा, उकडलेला घेवडा आणि कांदे. लोणी नाही, चीज नाही. खिंडीपर्यंत बर्फ गुडघाभर लागला. घोडा दमला की दोघेही गाडीला मागून खांदा देत.

खिंडीच्या खाली रस्त्याला माणसे भेटू लागली. आधी पाच-दहा, मग गावेच्या गावे. प्रत्येक खोऱ्याची वेगळी टोपी, वेगळा सदरा, आणि सगळ्यांच्या छातीवर निळ्या, पिवळ्या, लाल फितीचा तुकडा. पाराशिवाने दोन विणून आणले होते; एक तिच्या छातीवर होता. दुसरा तिने इरिमिएपुढे धरला, आणि त्याने हात पुढे केला नाही तेव्हा घोड्याच्या कपाळपट्टीला बांधला.

"घोड्याला तरी अक्कल आहे."

"घोड्याला मुलगा नाही."

मग पाराशिवा खालच्या आवाजात म्हणाली, "माझा माणूस गॅलिसियात पडला तेव्हा तुझ्या त्या दफ्तरातून कागद आला होता. हंगेरियनमधला. नोटरीने वाचला, म्हणाला, 'पडला.' मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, ते यात नाही. मग यात आहे काय, तर म्हणे, त्याच्याकडे सरकारची एक घोंगडी निघते ती जमा करा."

"केलीस?"

"माझ्याच लोकरीची विणून दिली. पावती घेतली."

इरिमिएने लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याने स्वतः बाजारातल्या लेखनिकाकडून लिहवून बादशहाच्या कचेरीत सहा अर्ज पाठवले होते. उत्तर एकालाच आले, आणि त्यातही एवढेच, की अर्ज योग्य नमुन्यात नाही. हे त्याने आजवर गावात कोणाला सांगितले नव्हते. त्या क्षणीही सांगितले नाही. नुसते घोड्याला म्हणाला, "चल बाबा, चल."

*

रविवारी सकाळी बालग्रादच्या किल्ल्याबाहेरच्या मैदानावर एवढी माणसे उभी होती, की इरिमिएला आपली रोजची मापे उपयोगी पडेनात. आवाज मात्र जत्रेचा नव्हता. खोऱ्याखोऱ्याचे लोक आपापल्या पाटीमागे रांगेत उभे होते, आणि त्यांना रांगेत ढकलणारा कोणी नव्हता. वाऱ्याने एका म्हाताऱ्याची टोपी उडाली. ती वीस-पंचवीस हातांतून फिरत त्याच्या डोक्यावर परत आली. इरिमिएने आयुष्यात शंभर बाजार केले होते. टोपी परत येणारा बाजार त्याने पाहिला नव्हता.

बराकीच्या भिंतीशी सैनिक उभे होते. अंगावर बादशाही पलटणीचेच अंगरखे, पण टोप्यांवरची बादशहाची नाममुद्रा उचकटलेली आणि तिथे तीनरंगी फीत शिवलेली. एक सार्जंट उलट्या ठेवलेल्या पिंपावर शाळेची वही घेऊन बसला होता. त्याच्यापुढे रांग होती, आणि बहुतेक बायाच होत्या.

"इथे काय मिळतं?" इरिमिएने विचारले.

"मिळत काही नाही, काका. हरवलेल्यांची नावं लिहून घेतो. कोण तुमचा?"

"मुलगा. तोआदेर कोर्केश. कोर्बेश्तचा. पियावे नदी, जून."

सार्जंटने लिहिले. जसे सांगितले तसेच लिहिले. "वय?"

"एकवीस."

"अंगावर खूण?"

इरिमिएला प्रश्न लगेच कळला नाही. पाराशिवाने त्याला कोपराने ढोसले.

"डावा हात," तो म्हणाला. "मधलं बोट अर्धंच. पिंपाला कडं चढवताना गेलं. चौदाचा होता. रडला नाही... रडला, पण नंतर, गोठ्यात."

सार्जंटने 'मधले बोट अर्धे' एवढे लिहिले आणि पेन्सिल थांबवली. "सापडेल असं वचन देत नाही, काका. पियावेला फार गेले. माझाही भाऊ आहे या वहीत, तिसऱ्या पानावर. कैदेतून लोक परततायत, प्रत्येकाला आम्ही ही वही वाचून दाखवतो. ही बराक सापडली नाही तर बालग्रादच्या स्टेशनात विचारा. पण विचारायचं ते आता आम्हाला."

इरिमिएने टोपी काढली, तिच्या आत पाहिले आणि परत घातली. काखेतल्या काठीवरचे फडके जागच्या जागी होते; तरी त्याने त्याची गाठ पुन्हा आवळली. दहा पावले गेल्यावर तो पाराशिवाकडे न पाहता म्हणाला, "ती घोड्याची फीत..."

"घोडा देणार नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच्या छातीवरची सोडून त्याला लावली.

*

गावांचे ठराव घेण्याचे काम एका शाळेच्या वर्गात चालले होते. दाराशी पाराशिवाला गर्दीने अडवले; इरिमिए एकटाच आत गेला. खिडकीजवळच्या टेबलामागे रोमुल हात्सेगान नावाचा तरुण वकील बसला होता. बोटे शाईने काळी, डोळे जागरणाने लाल. त्याने वहीचे रकाने आधीच आखून ठेवले होते, आणि वेळ वाचावा म्हणून शेवटच्या रकान्यात पानभर 'एकमताने' लिहून ठेवले होते.

"गाव?"

"कोर्बेश्त."

"ठराव?"

इरिमिएने फडके सोडून काठी टेबलावर ठेवली. शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. "आजोबा, सरपण बाहेर, सरपण! शेगडी पेटली आहे आमची."

रोमुल हसला नाही. त्याने काठी उचलली, खिडकीकडे धरली आणि अंगठा एका टोकापासून सरकवायला सुरुवात केली. दर दहावी खाच जरा खोल होती. तिथे त्याचा अंगठा आपोआप थबकत होता. "माझे आजोबा मेंढ्या अशाच मोजायचे," तो म्हणाला. अंगठा शेवटाला पोचला आणि थांबला. त्याने काठी डोळ्यांजवळ नेली.

"ही तिरपी आहे."

"हो."

"म्हणजे नाही."

"हो."

"कोणाची?"

"माझी."

शेजारच्या टेबलावरचा टाक थांबला. रोमुलने आवाज खाली आणला. "काका, सकाळपासून या टेबलावर दोनशेसहा गावं झाली. एकाही गावातून 'नाही' आलेलं नाही. तुम्ही छातीला फीत लावून आला आहात, आणि तुमचं अजून 'नाही'च आहे?"

"नाही. आता हो आहे. आज सकाळपासून."

"मग अडलं कुठे?" रोमुलचा चेहरा उजळला. "खाच तुमची, मत तुमचं, चाकू तुमच्या कमरेला आहे. एक आडवा वार मारा, मी डोळ्यांनी पाहतो, आणि गाव एकमताने लिहून टाकतो. यात खोटं काय आहे?"

खोटे काहीच नव्हते. इरिमिएने चाकू काढला. काठी टेबलाच्या कडेला टेकवली, अंगठ्याने जागा धरली, पाते लावले. लाकूड कोरडे होते. एकाच वारात काम झाले असते. बाहेर मैदानावर कुठल्याशा खोऱ्याचे लोक गाऊ लागले होते, आणि त्याला त्यांच्याबरोबर गावेसे वाटत होते, हे त्याचे त्यालाच नवल होते.

त्याने पाते मिटले.

"गुरुवारी गावाने मला विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो," तो म्हणाला. "एकशे त्रेसष्ट घरांना राग आला, तरी कोणी माझी खाच बुजवली नाही. अर्धी काठी तशीच वेदीजवळ आहे. मी बदललो, साहेब. गुरुवार कसा बदलू?"

"पण मग मला नकार लिहावा लागेल. आजच्या दिवशी."

"तेवढंच बघायचंय मला. लिहितात का."

रोमुल त्याच्याकडे पाहत राहिला. मग वहीकडे. दारातली माणसे 'काय झाले, काय झाले' करीत पुढे रेटत होती. शेजारचा कारकून म्हणाला, "अरे, वर विचारून तरी ये." रोमुलने त्याला हाताने थांबवले. त्याने टाक दौतीत बुडवला, कडेला निथळवला, आणि कोर्बेश्तच्या ओळीतल्या 'एकमताने' या शब्दावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. तिच्यावर, उरलेल्या बोटभर जागेत, त्याने बारीक अक्षरांत लिहिले, टीपकागदाने टिपले, आणि इरिमिएला पाहता यावे म्हणून वही त्याच्याकडे फिरवली. इरिमिएला अक्षरे वाचता येत नव्हती; आकडे येत होते.

होकार १६३. नकार १.